कॅमेऱ्याची किंमत नक्की कोण ठरवतं?

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि कॉलेजातल्या कितीतरी जणांचे शनिवार-रविवार बुक होतात. कुणी मुख्य फोटोग्राफरच्या हाताखाली सेकंड शूटर, कुणी कँडिडवाला, कुणी फक्त रील्स काढून देणारा. पॉकेटमनीसाठी सुरू केलेल्या या कामातून अनेकांची फीसुद्धा निघते. या कमाईचं सगळं भांडवल मात्र एका बॅगेत असतं. बॉडी, दोन लेन्स, फ्लॅश, माइक, गिंबल. बेरीज करून बघा, घरच्या दुचाकीपेक्षा जास्त भरेल. दुचाकीचा निदान थर्ड पार्टी विमा तरी कायद्यानं काढावाच लागतो. बॅगेचा विमा काढायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

विम्याची चर्चा अलीकडे झाली ती जीएसटीमुळे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला. पण ही सवलत माणसाच्या विम्याला आहे. वस्तूंच्या विम्यावरचे १८ टक्के तसेच आहेत. मोठ्या स्टुडिओची जीएसटी नोंदणी असते, त्यामुळे हप्त्यावर भरलेला कर तो आपल्या देण्यातून वजा करू शकतो. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे नोंदणी लागत नाही, म्हणजे वजावटही नाही. थोडक्यात, सगळ्यात छोट्या कमावणाऱ्याच्या खिशातून पूर्ण कर जातो. हे बदलायला हवंच. तरी खरी मेख करात नाही, ती कॅमेऱ्याच्या किमतीत आहे.

तुमच्या कॅमेऱ्याला एकाच वेळी तीन किमती असतात. पहिली, तुम्ही घेतला तेव्हाची, म्हणजे बिलावरची. दुसरी, आज तसाच नवा घ्यायचा तर पडेल ती. आपल्याकडचे बहुतेक कॅमेरे बाहेरून येतात, त्यामुळे रुपया घसरला की ही वाढते. तिसरी, आज तुमचा वापरलेला विकला तर येईल ती. नवं मॉडेल आलं की ही धाडकन खाली येते. विम्यात यातली कुठली धरायची, हे पॉलिसीच्या शब्दांवर ठरतं. आणि ते शब्द आपण वाचत नाही!

समजा, तुमचं सगळं किट आज नवं घ्यायला २ लाख रुपये लागतात. हप्ता कमी बसावा म्हणून तुम्ही विमा काढला १ लाख २० हजारांचा, म्हणजे ६० टक्के. वरातीच्या गर्दीत ५० हजारांची लेन्स फुटली. तुम्ही म्हणाल, ५० हजार तर १ लाख २० हजारांच्या आतच आहेत, मिळतील की. पण पॉलिसीत अॅव्हरेज क्लॉज असेल, तर विमा जितका टक्के, भरपाईही तितकाच टक्के. हातात येणार ३० हजार, त्यातूनही तुमच्या वाट्याची ठरलेली रक्कम वजा.

मग पूर्ण नव्या किमतीचा विमा काढला की झालं? तसंही नाही. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या अनेक पॉलिसींमध्ये हप्ता घेतात नव्या किमतीवर. दुरुस्ती असेल तर तिचा खर्च मिळतो. पण वस्तू पूर्ण नष्ट झाली, तर वापराच्या वर्षांचा घसारा कापून भरपाई देतात. म्हणून विमा घेतानाच विचारा: पूर्ण नुकसान झालं तर घसारा कापणार का?

विमा देताना कंपनी सहसा तुमचा कॅमेरा तपासत नाही. तुम्ही सांगाल ती रक्कम लिहून घेते, हप्ता घेते. किमतीची खरी छाननी होते ती नुकसान झाल्यावर, सर्व्हेअर येतो तेव्हा. तोवर वस्तू फुटलेली असते किंवा गेलेली असते आणि पुरावे शोधायची जबाबदारी तुमच्यावर पडते. सेकंड हँड किंवा बिनबिलाचा ग्रे मार्केटचा माल असेल तर विचारूच नका. मूल्यांकन आधी करून ठेवायचं ते यासाठी.

त्याला फार खर्च येत नाही. प्रत्येक वस्तूचं नाव, मॉडेल आणि सीरियल नंबर यांची यादी करा. बॉडीइतक्याच लेन्सही लिहा, कारण पैसा तिथंच जास्त असतो. अधिकृत विक्रेत्याकडून आजच्या किमतीचं लेखी कोटेशन घ्या, जीएसटी धरून. वापरलेलं किट असेल तर सर्व्हिस सेंटरकडून तपासणीचा कागद घ्या, त्यावर शटर काउंट असू द्या. जुन्या मालकाकडून मूळ बिलाची प्रत आणि विक्रीची सही केलेली चिठ्ठी मागा, पैसे यूपीआयनं द्या. अनेक कॅमेरे फोटोच्या फाइलमध्येच सीरियल नंबर नोंदवतात, म्हणून काही मूळ फाइल्स जपून ठेवा. आणि ही यादी दरवर्षी नूतनीकरणाआधी नव्यानं करा.

पॉलिसीत आणखी तीन गोष्टी बघा. पैसे घेऊन केलेलं काम चालतं का? मित्राला भाड्यानं दिलेलं किट धरतात का? उभ्या गाडीतून बॅग गेली तर काय? पावसाळ्यात लेन्सला धरलेली बुरशी मात्र सहसा कुठंच बसत नाही, ती हळूहळू झालेली खराबी मानली जाते.

नियम तुमच्या बाजूनं अगदीच नाहीत असं नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार, लागणारी कागदपत्रं पॉलिसी देतानाच मागायला हवीत. केवळ कागद नाहीत म्हणून दावा फेटाळता येत नाही. चोरी झाली तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार पोलिसांकडे ऑनलाइन माहिती देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. कंपनीनं तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर मुंबई आणि पुण्यात विमा लोकपालांची कार्यालयं आहेत. तिथं फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

पण लोकपालांसमोरही प्रश्न तोच येणार, वस्तू केवढ्याची होती? त्याचं उत्तर तुमच्याकडे कागदावर असेल तर बोलणं पुढं सरकतं. नसेल तर किंमत दुसराच कुणीतरी ठरवतो. येत्या सीझनचा पहिला अॅडव्हान्स हातात आला की नव्या लेन्सचे रिव्ह्यू बघण्याआधी एक संध्याकाळ जुन्या किटच्या यादीला द्या.