विश्लेषण : मोटू-पतलू घराघरांत, पण स्टुडिओ कुणाला माहीत?

दिवाळीनंतरच्या मंडईत खेळण्यांचं दुकान लागलं की तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीसारख्या गावातलं तिसरीतलं पोरही मोटू, पतलू आणि छोटा भीम लांबूनच ओळखतं. मोटू-पतलू कोण बनवतं, हे मात्र त्याच्या वडिलांनाही सांगता येणार नाही. उत्तर आहे मुंबईचा कॉसमॉस-माया. केतन मेहता आणि दीपा साही यांनी उभा केलेल्या या स्टुडिओची ही मालिका २०१२ मध्ये निक वाहिनीवर आली. पात्रं ‘लोटपोट’ या जुन्या हिंदी कॉमिक्समधली.

चाहते टिकतात कशामुळे?

पुनरावृत्तीमुळे. समोसा खाल्ला की मोटूच्या अंगात बळ येणार. घसीटाराम प्रत्येक कामात वीस वर्षांचा अनुभव सांगणार. भाग मधूनच लावला तरी अडत नाही. पालक वैतागतात, मुलांना मात्र पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असण्यातच मजा वाटते. हैदराबादच्या ग्रीन गोल्डनं २००८ पासून पोगोवर हेच लाडू आणि ढोलकपूर घेऊन केलं. शिवाय भीमचे हक्क स्वतःकडे ठेवले, त्यामुळे दप्तर-डब्यांपासून २०१९ च्या नेटफ्लिक्सवरच्या ‘मायटी लिटल भीम’पर्यंतची कमाई त्यांना करता आली. अर्थात, मंडईत विनापरवाना मुखवटा विकला गेला तर स्टुडिओच्या हाती काहीच लागत नाही.

मग अडतं कुठे?

निष्ठा पात्रावर आहे, स्टुडिओवर नाही. पडद्याच्या कोपऱ्यात चिन्ह वाहिनीचं. मोबाइलवर तर श्रेयनामावली संपण्याआधीच पुढचा भाग सुरू होतो. पोरगं बारा-तेरा वर्षांचं झालं की मोटू सुटतो आणि त्याच्यासोबत स्टुडिओही. जपानच्या जिब्लीचं तसं नाही. त्यांच्या बोधचिन्हात तोतोरो असतो, पिक्सारच्या चिन्हात टेबललॅम्प. ती खूण दिसली की मोठी माणसंही पुढचा सिनेमा बघायला बसतात.

हे आपल्याला नवीन आहे, असंही नाही. ‘प्रभात’ची तुतारी वाजली की प्रेक्षक सावरून बसायचा. याच कंपनीनं १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हा अ‍ॅनिमेशन लघुपटही केला होता. झाडीपट्टीत आजही धान निघाल्यावर नाटक लागलं, की ‘कंपनी कोणती?’ हा प्रश्न हमखास येतो.

स्टुडिओच्या नावावर प्रेक्षक येत नसेल, तर प्रत्येक नवी मालिका शून्यापासून उभी करावी लागते, नाहीतर ओळख उसनी घ्यावी लागते. पुण्याच्या रिलायन्स अ‍ॅनिमेशननं २०१८ मध्ये ‘लिटल सिंघम’ आणला, तो गाजलेल्या चित्रपटाच्या नायकावर. मूळ बाजीराव सिंघम मराठी पोलीस अधिकारी. छोटा सिंघम मात्र पुण्यात तयार होऊनही आधी हिंदीत बोलला.