बक्षीस एकदाचं, पगार रोजचा

मुलगी कबड्डी खेळते म्हटलं की आपल्याकडे शाळेचं नाव पेपरात येईपर्यंत कौतुक असतं. बारावी झाली की, ‘आता पुरे’. बारामती एमआयडीसीत पाळी सुटल्यावर शिलाईच्या लाइनवरच्या बायकांशी बोलायला बसलं, की त्यांत एखादी निघतेच, जी कधीकाळी तालुक्याकडून चढाया करत होती. आता पीस मोजते.

म्हणून मला अभिलाषा म्हात्रेची कारकीर्द नीट तपासावीशी वाटते. मार्च २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा कबड्डी विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताने इराणला २५-१९ असं हरवलं. संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या : अभिलाषा, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के. राज्य सरकारने प्रत्येकीला एक कोटी रुपये जाहीर केले. पुढे २०१४ मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, मग अभिलाषाला २०१५ चा अर्जुन पुरस्कार. खेळाडूने आणखी काय करून दाखवायचं?

पण बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. पगार हक्काने मागता येतो, आणि तो मिळायचा तर खेळ दरवर्षी व्हावा लागतो. पुरुषांची प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली. बायकांसाठी २०१६ मध्ये तिला जोडूनच तीन संघांची छोटी स्पर्धा भरवली. अभिलाषा त्यात आइस दीवाज संघाची कर्णधार होती. अंतिम सामना २४-२३, एका गुणाचा फरक! तरीही त्या आयोजकांनी ती स्पर्धा पुन्हा भरवली नाही.

७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुलींनी तैवानला २६-२५ असं नमवलं. ते त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक. त्याच दिवशी पुरुषांनीही सुवर्ण जिंकलं, त्याचा आनंदच आहे. दोनच दिवसांनी मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव झाला आणि एका खेळाडूवर २ कोटी ६० लाखांच्या वर बोली गेली. (माणसांचा ‘लिलाव’ म्हणावा का, हा वेगळाच विषय.) शंभरावं पदक आणणाऱ्यांसाठी मात्र बोली लावायला कुणी बसलंच नव्हतं.

‘बायकांचा खेळ बघणार कोण?’ म्हणणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाकडे पाहावं. तिथल्या दांडगाईच्या फुटबॉलमध्ये बायकांची लीग २०१७ ला सुरू झाली. मार्च २०१९ मध्ये टायला हॅरिस या खेळाडूचा उंच लाथ मारतानाचा फोटो प्रसिद्ध झाला. त्याखाली गलिच्छ शेरे आले, तर वाहिनीने आधी फोटोच काढून टाकला! आपल्या पारावर मुलींच्या हाफपँटवर शेरे पडले की मुलीलाच घरी बसवतात, तसंच हे. लोक भडकले, फोटो परत लागला, त्याच वर्षी मेलबर्नला त्याचा पुतळाही उभा राहिला. पुतळ्याचं मला फार अप्रूप नाही. लीग चालू राहिली, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे सुरुवात कुठून करायची? आमच्यातल्या एकीला निवड चाचणीसाठी दोन दिवस सुट्टी मिळाली नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिची नोकरी जाईल. तेव्हा संघटनांनी मागणीपत्रात पाळणाघर आणि संडासाच्या जोडीला हेही लिहावं : सामन्यासाठी भरपगारी रजा, बायकांच्या खोल्यांपासून चालत जाता येईल असं दिवे असलेलं मैदान, आणि कपडे बदलायला कडी लागणारी खोली.