पोरींचा खेळ कोण बघतो?



संभाजीनगरला कोर्टाचं नाहीतर दवाखान्याचं काम निघालं, की ते उरकून आपली पावलं शहागंजकडं वळतातच. लग्नाचा बस्ता असो, बांगड्या असोत, भांडी असोत, खेड्यातल्या माणसाचा बाजार घड्याळाच्या मनोऱ्याच्या आसपास होतो. गेल्या महिन्यात तिथंच एका बुटांच्या दुकानात उभा होतो. फुलंब्रीकडचे एक शेतकरी नववीतल्या लेकीला घेऊन आले होते. लेक खो-खोत तालुक्यातून जिल्ह्याला निवडली गेली होती आणि तिला पळायचे बूट हवे होते. घासाघीस झाली, पन्नास रुपये कमी झाले, बूट घेतले. मग ते माझ्याकडं वळून म्हणाले, "यंदा घेऊन देतो. पुढल्या साली दहावी, मग बास. पोरींचा खेळ कोण बघतो, अन् त्याचं पुढं व्हायचं काय?"

पोरगी खाली मान घालून नाडी बांधत होती. ती काही बोलली नाही.

माणूस वाईट नव्हता. पदरमोड करून बूट घेणारा बाप होता. पण त्यांनी विचारलेले दोन्ही प्रश्न आपल्या घराघरांत आहेत, म्हणून आज त्यावरच बोलू.

खो-खो आपल्या मातीतला खेळ. त्याचे नियम पुण्यात डेक्कन जिमखान्यावर 1914 साली बांधले गेले. बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1960-61 साली कोल्हापुरात झाली. म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळ आपल्या पोरी हा खेळ देशपातळीवर खेळताहेत. पण बघायला कोण होतं? शाळेचे मास्तर, दुसऱ्या संघाच्या पोरी आणि कुंपणावर बसलेली चार टारगट कार्टी. पेपरात निकाल यायचा तो आतल्या पानावर, तोही दोन ओळींत. 2022 मध्ये पैसेवाल्यांनी खो-खोची मोठी लीग काढली, टीव्हीवर दाखवली, पण ती पुरुषांपुरतीच.

आणि मग जानेवारी 2025 आला. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. बायकांचे 19 संघ होते. आपल्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातली. संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. पहिल्याच सामन्यात आपल्या पोरींनी दक्षिण कोरियाला 175 विरुद्ध 18 असं हरवलं. हा आकडा वाचून मला आनंद झाला नाही, खरं सांगतो. समोरच्यांना खेळ नुकताच कळू लागलेला असला म्हणजे असे निकाल लागतात, आणि अशानं बघणाऱ्याला गोडी लागत नाही. पहिलवानानं शाळकरी पोराला चीत केलं तर कुस्ती कसली?

अंतिम सामना मात्र बघण्यासारखा झाला. 19 जानेवारी, समोर नेपाळ. सात-सात मिनिटांच्या चार पाळ्या. पहिल्या पाळीत आपण पाठलाग केला, 34 गुण घेतले, नेपाळला शून्य. दुसऱ्या पाळीत नेपाळच्या पोरींनीही आपले गडी भराभर टिपले आणि 35-24 असा निकाल जवळ आला. आता बघणारे पुढं सरकून बसतात, तशी वेळ. तिसऱ्या पाळीत आपल्या पोरी अशा तुटून पडल्या की 73-24 झालं. शेवटच्या पाळीत कर्नाटकची चैत्रा आणि तिच्या जोडीदारणी पाच मिनिटांहून जास्त वेळ हाती लागल्या नाहीत. नव्या नियमांत पळणारी तुकडी तीन मिनिटांपलीकडं टिकली तर तिलाही गुण मिळतात, त्याला ड्रीम रन म्हणतात. निकाल 78-40. विश्वचषक आपला.

ज्यांनी खो-खो फक्त शाळेत बघितला, त्यांना एक सांगतो. पुढल्या वेळी पळणारीच्या पायांकडं बघू नका, खांद्याकडं बघा. ती डावा खांदा टाकते आणि उजवीकडून निसटते. पाठलाग करणारी खांबाजवळ आली की सूर मारते, अख्खं अंग हवेत, एक हात खांबाला आणि दुसऱ्या हाताची बोटं पळणारीच्या पाठीला. पूर्वी मुरमाड मैदानावर असा सूर मारणं म्हणजे ढोपरं सोलून घेणं. आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात, त्यामुळं पोरी बिनधास्त सूर मारतात आणि खेळ दुप्पट वेगाचा झालाय. खेळाचा दर्जा म्हणतात तो असा वाढतो. कुणाच्या अंगात रातोरात बळ येत नाही. मैदान नीट लागतं, शिकवणारा लागतो आणि मुख्य म्हणजे वर्षं लागतात.

"बायकांच्या खेळात दम नाही" हे काही आपल्याकडंच म्हणतात असं नाही. पार ऑस्ट्रेलियात हेच झालं, ती गोष्ट ऐका.

तिथं त्यांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे. 1859 साली मेलबर्नमध्ये त्याचे नियम झाले. चेंडू लांबुळका, मैदान क्रिकेटचं असतं तसं लंबगोल, दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेनं मारला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. चेंडू हातात धरून पळायचं, मुठीनं ठोसून सोबत्याला द्यायचा, अंगाला अंग भिडवायचं. आपल्याकडं कबड्डीचं जे वेड, ते तिकडं या खेळाचं. गावोगाव संघ. पण मोठ्या पातळीवर खेळायचं ते पुरुषांनी. बायकांनी सामन्याला जायचं, टाळ्या वाजवायच्या.

एरिन फिलिप्स नावाची एक पोर. तिचा बाप ग्रेग फिलिप्स या खेळातला नावाजलेला गडी. पोरगी लहानपणी मुलांच्या संघात खेळायची आणि चांगली खेळायची. पण तेरा-चौदा वर्षांची झाल्यावर मुलींना मुलांच्या संघात जागा नसे, आणि मुलींचा वेगळा संघ जवळपास नसे. झालं, सुटला खेळ. ती बास्केटबॉलकडं वळली, त्यात ऑलिंपिकचं रौप्यपदक मिळवलं. पुढं 2017 साली बायकांची मोठी लीग सुरू झाली, आठ संघांची. तेव्हा एरिन 31 वर्षांची होती. ती परत आली आणि पहिल्याच साली अख्ख्या लीगमधली सर्वोत्तम खेळाडू ठरली. 2019 साली पुन्हा तीच. मधली सतरा-अठरा वर्षं मात्र गेली ती गेलीच.

त्या लीगचा पहिला सामना 3 फेब्रुवारी 2017 ला मेलबर्नला झाला. इतके लोक आले की दरवाजे बंद करावे लागले, 24 हजारांवर माणसं आत आणि बरीच बाहेर. दोन वर्षांनी ॲडलेडच्या अंतिम सामन्याला 53,034 लोक होते. आता कुणी म्हणेल, प्रवेश फुकट होता म्हणून आले. होय, फुकट होता. पण फुकट आहे म्हणून नावडती गोष्ट बघायला दुपार घालवणारे पन्नास हजार लोक मला तरी माहीत नाहीत. पुढं रोजच्या सामन्यांना एवढी गर्दी राहिली नाही, हेही खरं.

पहिल्या एक-दोन वर्षांत टीका पुष्कळ झाली. गुण कमी होतात, चेंडू हातातून सुटतो, खेळ रटाळ. टीका सगळीच खोटी नव्हती. पण त्या पोरींचं काय होतं? कुणी शिक्षिका, कुणी परिचारिका, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सरावाला. कित्येकींनी हा चेंडू विशीनंतर पहिल्यांदा हातात धरलेला. पंधरा वर्षं सराव केलेल्या पुरुषाशी त्यांची तुलना करणं म्हणजे औंदा लावलेल्या मोसंबीला जुन्या बागेएवढी फळं मागण्यासारखं आहे. 2022 पासून लीगमध्ये 18 संघ आहेत, आणि आठव्या वर्षापासून खेळत आलेल्या पोरी आता मोठ्या संघात येताहेत. खेळ नजरेला दिसेल इतका सुधारलाय.

हा तेरा-चौदाचा आकडा ध्यानात ठेवा. आपल्याकडंही पोरगी नेमकी तिथंच मैदानातून उठते. तिकडं नियमानं उठवलं, इकडं आपण उठवतो. काय करायचंय, मोठी झाली, लोक काय म्हणतील. आणि मराठवाड्यात तर त्यापुढची गोष्टही सांगावी लागते. 2019-21 च्या सरकारी आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यात विशीतल्या शंभर तरुणींमागं 48 जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली, बीडमध्ये 43 ते 44 जणींची. ज्या वयात खेळाडू घडते, त्याच वयात आपण तिला बोहल्यावर उभं करतो आणि वर विचारतो, पोरींच्या खेळाला दर्जा का नाही?

धाराशिवच्या सारिका काळेची हकीकत पेपरात येऊन गेली आहे, तरी पुन्हा सांगतो. घरची परिस्थिती अशी की वडिलांना प्रकृतीमुळं फारसं कमावता येत नव्हतं, आई शिवणकाम करायची आणि घर आजी-आजोबांच्या आधारावर. कित्येक दिवस एक वेळच्या जेवणावर निघाले. तेराव्या वर्षाच्या सुमारास ती मैदानावर गेली. मध्यंतरी तिनं खेळ सोडायचं ठरवलंही होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधवांनी समजूत काढली म्हणून परतली. 2016 साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती भारताची कर्णधार होती आणि संघानं सुवर्णपदक आणलं. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो 22 वर्षांनी मिळत होता. पुढं ती शासनात क्रीडा अधिकारी झाली.

"पुढं व्हायचं काय" याचं हे एक उत्तर. विश्वचषकानंतर महाराष्ट्र शासनानं आपल्या खेळाडूंना सव्वादोन कोटी रुपये जाहीर केले, हे दुसरं. पण या उत्तरांवर मी फार भर देणार नाही. हजारात एक पोरगी भारताकडून खेळेल. उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव जणींचं काय, हे विचारणं रास्त आहे. त्यांना दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळू शकतात. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना 5 टक्के जागा राखीव आहेत, पोलीस भरतीतही त्याचा उपयोग होतो. आणि धावणारी पोरगी भरतीच्या मैदानावर दम लागून बसत नाही, हे तर कुठल्या कागदावर लिहून द्यावं लागत नाही.

आता थोडं आयाबायांशी. पोरगी सकाळी सरावाला उपाशी जाते, असं मास्तरलोक सांगतात. मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, रात्री भिजवलेले हरभरे, जमेल तिथं अंडं. एवढं पुरे, डब्यातली महागडी पावडर लागत नाही. पाळीच्या दिवसांत खेळलं तर अपाय होतो ही समजूत सोडा. दुखत असेल तर विश्रांती घेऊ द्या, एरवी तिला बरं वाटत असेल तर खेळू द्या. रक्त कमी असेल, पोरगी लवकर थकत असेल, तर गावातल्या आशाताईंना सांगून तपासून घ्या. आणि पळायचे बूट धाकट्या भावाचे जुने देऊ नका. मापाचा नसलेला बूट घोटा मुरगाळतो आणि मग "खेळानं पाय मोडला" असं नाव खेळाचं होतं.

खरी अडचण येते ती घरी परतायची. शाळा सुटल्यावर तासभर सराव झाला की शेवटची यष्टी निघून जाते. मोफत पास हातात असून काय उपयोग? एका गावात पाच-सहा पालकांनी मिळून यावर तोड काढलेली मी पाहिली. प्रत्येकानं आठवड्यातला एक वार वाटून घेतला, ज्याचा वार त्यानं दूध घालायला जाताना गाडीवर नाहीतर टेम्पोत सगळ्या पोरींना घेऊन यायचं. कुणाला भार झाला नाही. दुसऱ्या एका शाळेनं सराव सकाळी शाळेच्या आधी ठेवला. मुख्याध्यापकांना चार पालक एकत्र जाऊन भेटले, की अशा गोष्टी होतात. एकटा गेला की "बघू" असं उत्तर मिळतं.

ज्यांच्या पोरी यंदा खेळताहेत त्यांच्यासाठी. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा गटांत होतात, आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत जातात. म्हणजे दहावीला खेळ संपत नाही, बारावीपर्यंत गट आहे. जिल्ह्याच्या क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारलं तर तारखा कळतात. मिळालेलं प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा, नावात, जन्मतारखेत चूक असेल तर त्याच वेळी दुरुस्त करून घ्या. नोकरीच्या वेळी या प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालक कार्यालयातून होते, आणि तेव्हा आडनावातला एक काना माणसाला सहा महिने हेलपाटे घालायला लावतो.

तुमच्या गावात मुलींचा खो-खोचा किंवा कबड्डीचा संघ असेल, तर सराव कुठं होतो, कोण शिकवतं, बघायला कोण येतं, ते पोस्टकार्डावर लिहून कळवा. पत्ता नेहमीचाच.