गोळी न झाडता खेळायचं युद्ध

व्हिडिओ गेम म्हणजे नुसता धाडधाड गोळीबार, असा आपल्या निवृत्त मंडळींचा समज आहे. नातवाच्या हातून मोबाईल काढून घेण्याआधी हे दोन खेळ स्वतः खेळून बघा.

पहिला इथलाच, कोलकात्याचा: २०१६ चा 'मिसिंग', कलावंत लीना केजरीवाल यांच्या पुढाकारातून झालेला. यात तुम्ही असता फसवून विकलेली एक मुलगी. सुटकेची वाट तुम्हीच निवडायची आणि बहुतेक वाटा बंद. मानवी तस्करीवरच्या व्याख्यानांत जे डोक्यात शिरत नाही, ते इथे पोटात गोळा आणतं.

दुसरा पोलंडचा, 'धिस वॉर ऑफ माइन' (२०१४). साराजेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला. इथे तुम्ही सैनिक नाही, वेढ्यात अडकलेले नागरिक. दिवसा घर सावरायचं, रात्री अन्न-औषधं शोधायची. एका घरात एकटंच म्हातारं जोडपं आहे. त्यांचं धान्य उचलायचं? उचललंत, तर तुमचीच माणसं खचतात. पोलंड सरकारने २०२० मध्ये हा खेळ शाळांच्या पूरक वाचनात घेत असल्याचं जाहीर केलं.

दोन्ही लहानग्यांसाठी नाहीत. पण एनडीएची स्वप्नं पाहणाऱ्या मोठ्या मुलांना जरूर द्या. नेम धरायला आम्ही शिकवू. नेमाच्या पलीकडे कोण राहतं, हे त्यांना आधीच कळलेलं बरं.