डोळ्यांच्या नावानं चांगभलं

आपल्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी अंधत्व कायमचं संपतं. म्हणजे पेपरात संपतं. 'अंधांना मिळणार दृष्टी' असा मथळा, खाली कुठल्यातरी परदेशी विद्यापीठाचं नाव, एका निळ्या डोळ्याचा मोठ्ठा फोटो, आणि अगदी शेवटच्या ओळीत हळूच सांगितलेलं की प्रयोग सध्या उंदरांवर झालाय. ती शेवटची ओळ कोणी वाचत नाही. मथळा मात्र चिखलीहून मेहकरला, मेहकरहून पुण्याला, पुण्याहून न्यू जर्सीला आणि तिथून परत आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर येतो. खाली दहा जणांनी हात जोडलेले.

आज यावर जरा खरमरीत लिहिणार आहे. घरची मंडळीही इथे डोकावतात हे मला ठाऊक आहे. खरं सांगायचं तर त्यांच्यासाठीच लिहितोय.

प्रयोगशाळेत जे कळलं ते रुग्णाच्या उपयोगी पडेपर्यंत जी खटपट चालते तिला 'ट्रान्सलेशनल रिसर्च' म्हणतात. कृपया याचं 'भाषांतरित संशोधन' करू नका, अनर्थ होईल. आपल्याकडे यासाठी छान शब्द आहेत, फक्त ते शेतीत वापरतात : प्रयोगशाळेतून बांधावर. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने तुरीचा नवा वाण काढला म्हणून आमचे काका तो लगेच पेरत नाहीत. शिवार फेरीला जातात, शेंगा चाचपतात आणि विचारतात : आपल्या जमिनीत येईल का? मर रोगाला टिकेल का? खर्च किती? एवढं झाल्याशिवाय एक बॅगही उचलत नाहीत. तेच काका डोळ्याच्या इंजेक्शनची बातमी वाचून एकही प्रश्न विचारत नाहीत. माझं भांडण इथे आहे.

संशोधन थोतांड आहे असं मी म्हणत नाहीये. २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेत 'लक्सटर्ना' या जीन थेरपीला परवानगी मिळाली. आरपीई६५ नावाच्या जनुकात दोष असलेल्यांच्या डोळ्याच्या पडद्याखाली त्या जनुकाची चांगली प्रत एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून पोचवतात. जन्मतः न दिसणाऱ्या कुत्र्यांना यामुळे दिसू लागलं हे २००१ साली प्रसिद्ध झालं होतं. कुत्र्यांपासून दवाखान्यापर्यंत यायला सोळा वर्षं गेली आणि ती गेली म्हणूनच औषधावर विश्वास ठेवता येतो. पण सुरुवातीची किंमत ऐका : दोन्ही डोळ्यांचे मिळून साडेआठ लाख डॉलर. आणि दोष त्याच एका जनुकात असेल तरच उपयोग. पडदा झिजवणाऱ्या आनुवंशिक आजारांची जनुकं डझनांनी मोजावी लागतात.

दुसरं उदाहरण 'आर्गस टू' या कृत्रिम पडद्याचं. सेकंड साइट नावाच्या अमेरिकन कंपनीच्या या यंत्राला तिथे २०१३ मध्ये मान्यता मिळाली. जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी ते बसवून घेतलं. पुढे धंदा परवडेना म्हणून २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं, २०२० मध्ये बहुतेक माणसं कामावरून काढली. यंत्र लोकांच्या डोळ्यात तसंच राहिलं. आपल्या विहिरीवरचा पंप जळाला तर मलकापूरला मेकॅनिक तरी मिळतो. या लोकांनी कुठे जायचं?

आता मुद्द्यावर येतो.

आमच्या घरातल्या एका मुलाला आरपी आहे, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा. आधी संध्याकाळनंतर दिसेना, आता आजूबाजूचंही दिसत नाही. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसतं. एका मोठ्या शहरातल्या कुठल्याशा दवाखान्याने त्याला स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलंय, आणि त्यासाठी दोन एकर ओलिताची जमीन काढायची असं घरात चाललंय.

दादा, वहिनी, तुमच्यापर्यंत हे पोचेलच, म्हणून स्पष्ट लिहितो. विकू नका.

स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी, खोट्या नाहीत. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटमध्ये, चुन्यासारख्या गोष्टींनी डोळा भाजलेल्यांवर त्यांच्याच दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या कडेचा छोटासा तुकडा घेऊन उपचार होतात आणि लोकांना पुन्हा दिसू लागतं. पण ते बुबुळाच्या वरच्या थराचं काम. आपल्या पोराचा आजार आतल्या पडद्याचा. छप्पर शाकारणारा उत्तम आहे म्हणून विहीर खणायला त्याला बोलवत नाहीत.

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की मान्यता नसलेल्या आजारांवर मूलपेशी वापरायच्या तर त्या फक्त रीतसर मंजूर झालेल्या चाचणीत. आणि अशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. ही एवढी एकच खूण लक्षात ठेवली तरी पुरे : जो प्रयोगही म्हणतो आणि बिलही फाडतो, त्याच्या पायऱ्या उतरा. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये तीन बायकांनी पाच-पाच हजार डॉलर मोजून पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या. होतं नव्हतं तेही गेलं. २०१७ मध्ये हे तिथल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर छापून आलं. त्याचा मथळा आपल्या ग्रुपवर मात्र आला नाही.

यावर लगेच म्हटलं जातं, "अरे, पण आशा तरी राहू दे ना!" आशेला माझी ना नाही. पण दोन एकराला विकलेली आशा ही आशा नसते, ती विक्री असते. त्या पोराला आज काय हवंय? कोणत्या जनुकात दोष आहे याची चांगल्या ठिकाणी तपासणी, म्हणजे उद्या खरंच उपचार आला तर तो आपल्यासाठी आहे की नाही ते कळेल. अपंगत्वाचं प्रमाणपत्र, कारण २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे आणि त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. पांढरी काठी वापरायचं शिक्षण. आणि एक साधा कॉम्प्युटर, ज्यावर 'एनव्हीडीए' हा फुकट मिळणारा प्रोग्राम पडद्यावरचं मराठीसुद्धा वाचून दाखवतो. हे सगळं अर्ध्या एकराच्या सोयाबीनमध्ये बसतं. पण यात चमत्कार नाही, म्हणून कोणाला सुचत नाही.

आता जरा जिल्ह्याकडे पाहू. २०१५ ते १९ च्या राष्ट्रीय पाहणीत ५० वर्षांवरच्या लोकांमधल्या अंधत्वात ६६.२ टक्के वाटा मोतीबिंदूचा निघाला. मोतीबिंदूवर इलाज शोधायचा राहिलेला नाही. मदुराईच्या 'अरविंद'ने १९९२ मध्ये 'ऑरोलॅब' काढून डोळ्यात बसवायचं भिंग आपल्याकडेच स्वस्तात तयार केलं, तेव्हाच तो प्रश्न निम्मा सुटला. उरलेला निम्मा एसटीचा, सोबत येणाऱ्या माणसाचा आणि "आता या वयात कशाला" म्हणणाऱ्या घरांचा आहे.

आणि ज्यावर खरंच संशोधन हवं ते कोणी करत नाही. माझ्या मावशीच्या डोळ्यात तुरी सोंगताना तुराटी लागली. "काई नाई होत बाप्पा" म्हणून तिने दोन दिवस काढले, मग गावातल्या एका मेडिकलवाल्याने विचारपूस न करता स्टेरॉइडचे थेंब दिले. काडीकचऱ्यातून डोळ्यात बुरशी शिरली असेल तर स्टेरॉइड म्हणजे तिला खतपाणीच. डोळ्यात फूल पडलं ते कायमचं. पराटी, तुराटी, ज्वारीचं धस असलेल्या आपल्या जिल्ह्यात अशा मावश्या गावोगाव सापडतील.

नेपाळात भक्तपूरला नव्वदच्या दशकात सुमारे ३५ हजार वस्तीवर असा प्रयोग झाला. डोळ्याला ओरखडा आला की गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्याने क्लोरॅमफेनिकॉलचं साधं मलम लावायचं. ज्यांना १८ तासांच्या आत मलम मिळालं त्यांच्यापैकी एकालाही पुढे व्रण झाला नाही. पण नंतर नेपाळातच, काही गावांत मलम आणि काही गावांत नाही अशी मोठी चाचणी झाली, तिच्यात हा फायदा दिसला नाही. मग खरं काय? बुलढाण्यात काय होईल ते बुलढाण्यातच पाहावं लागेल. बुरशीच्या व्रणाचंही तेच. २०१३ मध्ये 'अरविंद' आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी ३२३ रुग्णांवर नवं व्होरिकोनॅझोल आणि जुनं नॅटामायसिन यांची तुलना केली. जुनं औषध जिंकलं. याचा 'रामबाण' मथळा झाला नाही, पण शेतात राबणाऱ्यांचे डोळे यामुळेच वाचतात.

"आपल्या खेड्यात कसलं संशोधन?" असं म्हणू नका. डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात, महाडच्या परिसरात राहून विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि तो जगाने मानला. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस गळायला लागले, तेव्हा आयसीएमआरचे शास्त्रज्ञ पाण्याचे, रक्ताचे नमुने घ्यायला धावत आले, आणि गव्हातल्या सेलेनियमचा संबंध पुढे आणला तो याच बावस्करांनी. केसांसाठी जे होऊ शकतं ते डोळ्यांसाठी का नाही? २०२४ पासून बुलढाण्यात सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या मुलांनी एका हंगामात एका तालुक्यात डोळ्याला काडी लागलेल्यांची नुसती नोंद ठेवली, कोण कुठे गेलं, कोणते थेंब घातले, शेवटी काय झालं एवढं लिहिलं, तरी ती सुरुवात होईल. ही मागणी आमदारांकडे करा, पालकमंत्र्यांकडे करा. रस्त्यासाठी निवेदन देता ना, तसंच.

असो. लांबलं बरंच. पुढच्या वेळी तसला मथळा आला की हात जोडण्याआधी काकांचे तुरीचे तीन प्रश्न विचारा. आणि दादा, सातबारा कपाटात परत ठेव. पोराच्या कॉम्प्युटरचे पैसे मी पाठवतोय.