शपथ आणि शिवी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यांत सौंदाळा म्हणून एक गांव आहे. तेथील ग्रामसभेनें नोव्हेंबर 2024 मध्यें असा ठराव केला कीं, आईबहिणीवरून जो कोणी शिवी देईल त्यानें 500 रुपये दंड भरावा. ही वार्ता प्रसिद्ध झाली तेव्हां कित्येकांनीं टाळ्या वाजविल्या व कित्येकांनीं थट्टा केली. जीभ म्हणजे पाटाचें पाणी नव्हे, तिला दारें कोठून बसविणार, असा थट्टा करणारांचा सूर होता. आम्हांस ती थट्टा आणि त्या टाळ्या दोन्ही उथळ वाटतात. ठरावानें जो प्रश्न उकरून काढला आहे तो केवळ सभ्य भाषेचा नसून फार जुन्या एका देण्याघेण्याचा आहे.

संस्कृतांत शप् या एकाच धातूपासून शपथही निघाली आणि शापही निघाला. हा निव्वळ योगायोग नव्हे. मी खोटें बोललों तर माझें अमुक होवो, असा स्वतःवर ओढून घेतलेला शाप म्हणजे शपथ; तोच दुसऱ्यावर फेंकला म्हणजे शिवी. दोहोंतही कांहीं तरी तारण ठेवावें लागतें, आणि तें तारण आमच्या लोकांनीं काय ठरविलें आहे तें पहा. पेठेंतला दुकानदार गिऱ्हाइकास खरेदीचा भाव सांगतांना ‘आईची शपथ’ म्हणतो. तेंच गिऱ्हाईक उधारी बुडवून गेलें म्हणजे त्याच्या आईचा उद्धार करतो. सकाळीं स्वतःची आई गहाण, संध्याकाळीं दुसऱ्याची! परक्याच्या मालकीचा जिन्नस गहाण टाकावयास आलेल्या मनुष्यास कोणी सावकार ओट्यावर चढूं देणार नाहीं. परंतु जी बाई त्या सौद्यांत ना घेणारी ना देणारी, तिला दोन्ही पक्ष बेधडक तारण म्हणून पुढें करतात.

हें अडाण्यांचें लक्षण आहे, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं कोंकणांतील गद्धेगाळ पाहून यावे. शिलाहारांच्या व यादवांच्या काळीं भूमिदान झालें म्हणजे असा दगड रोवीत. वर चंद्रसूर्य, म्हणजे हें दान ते असेपर्यंत चालावें. आणि खालीं गाढव व स्त्री यांचें असें चित्र, कीं ज्याचें वर्णन या पत्रांत करतां येत नाहीं. हें दान जो मोडील त्याच्या आईची ही गति होवो, असा त्याचा अर्थ. शिलाहार राजा अपरादित्य याच्या परळ येथील बाराव्या शतकांतील लेखांत दानाचा मजकूर संस्कृतांत आहे, आणि शापाची ओळ तेवढी मराठींत! लोकांस नीट समजावें म्हणूनच ती मराठींत घातली असावी, असा आमचा तर्क आहे. सौंदाळ्यास ज्या शब्दांना आज दंड पडतो, त्याच जातीचे शब्द तेव्हां राजाच्या नांवाखालीं कोरले जात. दान मोडणारा बहुधा कोणी बळजोर अधिकारी असावयाचा. शिक्षा मात्र त्याच्या आईला.

शपथेचें तारण पुढें सरकारनेंच बदललें. कंपनीच्या अमदानींत हिंदु साक्षीदाराच्या हातीं गंगाजल व मुसलमानाच्या हातीं कुराण देत. त्यानें अनेकांच्या मनास यातना होत. 1840 च्या पांचव्या कायद्यानें ती सक्ति काढून त्या जागीं प्रतिज्ञा आणली. 1969 च्या शपथ कायद्याप्रमाणें साक्षीदारानें ईश्वरसाक्ष बोलावें किंवा नुसती प्रतिज्ञा करावी, दोहोंची किंमत सारखी. न्यायालयांत खोटी साक्ष दिल्यास सात वर्षांपर्यंत तुरुंग आहे, व तो ज्यानें दिली त्यालाच. शिवीविषयींही कायदा नाहीं असें नाहीं. सार्वजनिक जागीं अश्लील शब्द बोलून इतरांस त्रास दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या 296 व्या कलमान्वयें तीन महिने कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊं शकतात. पण शिवी ऐकली म्हणून पोलिसचौकीची पायरी चढणारी बाई आम्ही तरी अद्याप पाहिलेली नाहीं.

म्हणून हा प्रश्न गांवानें आपल्या चावडीवर घेतला हें आम्हांस पसंत आहे. सगळ्याच शिव्यांवर त्यांनीं हत्यार उपसलें नाहीं, हेंही शहाणपणाचें झालें. घरची म्हातारी नातवास ‘मेल्या’, ‘मुडद्या’ म्हणते तेव्हां त्यांत माया असते, व कोणी तिसरें माणूस गहाण पडत नाहीं.

एक भीति मात्र आहे. एखादा मजूर दारूच्या तारेंत बरळला तर साक्षीदार दहा मिळतील. ऊसतोडीच्या टोळीवर मुकादम तेच शब्द दिवसभर ओततो, आणि ज्यांस उचल फेडावयाची आहे ते सारे बहिरे होतात. तेव्हां ज्या बाईनें शिवी ऐकली तिच्या एकटीच्या सांगण्यावरून तक्रार नोंदवून घ्यावी. तिच्याकडे साक्षीदार मागूं नयेत. आणि दंडाचें पावतीपुस्तक दरसाल ग्रामसभेंत नांवनिशीवार वाचून दाखवावें. त्यांत मजुरांचीं नांवें किती, आणि मुकादमांचीं, सावकारांचीं व पुढाऱ्यांचीं किती, हें आम्हांसही पाहावयाचें आहे.