अंगणातली भाषा
वेल्श भाषेला स्वतंत्र दूरचित्रवाहिनी देण्याचे वचन लंडनच्या सरकारने मोडताच राष्ट्रवादी नेते ग्विनफोर इव्हान्स यांनी १९८० साली आमरण उपोषणाचा इशारा दिला. सरकार नमले आणि नोव्हेंबर १९८२मध्ये ‘एस फोर सी’ सुरू झाली. या झगड्याचे खरे फळ ‘केव्हन ग्वलाद’ या ग्रामजीवनाच्या मालिकेत दिसले. लानिलारचे शेतकरी व गायक डाई जोन्स (निधन २०२२) तीन दशकांहून अधिक काळ मेंढपाळांच्या अंगणात जाऊन त्यांच्याच बोलीत त्यांना बोलते करीत राहिले. उपदेशाचा लवलेश नाही! तरीही २०२१च्या जनगणनेत वेल्समधील वेल्शभाषक १७.८ टक्केच भरले. शेती परवडेनाशी होऊन तरुण गाव सोडणार असतील, तर उद्या हा कॅमेरा कोणाच्या अंगणात जाणार?